बिनजिन्याचं घर

थॉर्नक्लफ,
गुरुवार, चहाची वेळ (चहा अजून झालेला नाही, कारण पुढे येईलच)

प्रिय एनिड,

थोरल्या बहिणीचे पुष्कळ आशीर्वाद, मागितले नसलेस तरी. तुझा गुडघा कसा आहे? ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेतेस, की कपाटावर ठेवून लांबूनच त्यांच्याकडे बघतेस? तुमच्याकडे समुद्रावरून वारं फार सुटलंय असं रेडिओवर सांगत होते. तुझ्या मागच्या अंगणाचं कुंपण शाबूत आहे ना? उंची किती असेल त्याची, माणसाच्या खांद्याएवढी की कमी? (सहज विचारते.) आणि तुझ्या गुलाबांच्या वाफ्यात येऊन बसणारं ते शेजारचं पांढरं मांजर अजून आहे, की त्या बाई मुलाकडे राहायला गेल्या तेव्हा तेही गेलं? (हेही सहजच.)

माझी तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणतात, रागानं तुमचं प्रेशर चढतं, तेव्हा राग आवरा. मी त्यांना सांगितलं, ज्यांच्यामुळे चढतं त्यांना बोलावून गोळ्या द्या, मी यादी देते. पत्र लिहिण्याचं कारण एकच असतं तर फोन केला असता (तू तो उचलत नाहीस ही गोष्ट वेगळी, तिच्याकडे नंतर येते). पण कारणं पुष्कळ आहेत, आणि त्या प्रत्येकाला दोन पाय आहेत. चार पायांच्यांविषयी माझी काहीच तक्रार नाही.

तुला माहीत आहे, शर्यतीच्या कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या आमच्या मंडळाचा मदतीचा फोन माझ्याकडे असतो. शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड लोक हौसेनं घरी नेतात, त्याला गळपट्टा घेतात, त्याचे फोटो काढतात, आणि आठवडा उलटला की त्यांच्या लक्षात येतं, अरेच्चा, हा तर कुत्रा आहे. मग माझा फोन वाजतो. परवा एका बाईंनी रडत रडत सांगितलं की कुत्रा सोफ्यावर मेला, डोळे उघडे आहेत. मी म्हटलं, बाई, हे कुत्रे उघड्या डोळ्यांनी झोपतात, बिस्किटाचा पुडा वाजवून बघा. पुडा वाजला आणि मयत उठून स्वयंपाकघरात गेलं. बाईंनी आभार मानले का? छे. म्हणाल्या, हे आधी सांगायला हवं होतं. मी आधी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं, आणि तेव्हा त्या कुत्र्याच्या कोटाचा रंग निवडत होत्या.

एक तरुण जोडपं सकाळी धावायला सोबत हवी म्हणून ग्रेहाउंड घेऊन गेलं. हा प्राणी मिनिटभर वाऱ्यासारखा धावतो आणि उरलेला दिवस लोळतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं (मी सांगितलं होतं). आता नवरा चिडलाय आणि बायको म्हणते, घरात आधीपासून एक असा आहेच. दुसऱ्या एका गृहस्थांची तक्रार अशी की कुत्रा चोर आहे, रविवारचा अख्खा रोस्ट ओट्यावरून उचलला. ओटा त्याच्या नाकासमोर येतो, एनिड! माझ्या नाकासमोर कुणी गरम बीफ ठेवून शेजाऱ्याशी गप्पा मारायला गेलं, तर मीसुद्धा त्याची वाट बघत बसणार नाही. आणि शाळेत शिकवणाऱ्या त्या शहाण्या बाईंनी भर माळावर त्याचा पट्टा सोडला, का तर म्हणे त्याचं माझ्यावर प्रेम आहे. होतंच प्रेम, ससा दिसेपर्यंत. संध्याकाळी कुत्रा पलीकडच्या गावात एका लग्नाच्या मांडवात सापडला. तिथून त्याला मी आणला, आणि जेवल्याशिवाय सोडेनात म्हणून मला जेवावंही लागलं.

पण हे सगळे किरकोळ. आज माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली आहे ती अँब्रोज ऑर्मरॉडवरून. म्हणजे त्याच्यावर नाही, त्याच्या भोवतालच्या सगळ्यांवर. अँब्रोज तुला आठवत असेल. रविवारच्या शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि तुझ्या वेणीची रिबीन बाकाला बांधून ठेवायचा, तोच. पुढे बसवर ड्रायव्हर झाला. त्याची मेबल वारली, त्यानंतर तो घराबाहेर पडेना. दाढी वाढली, पडदे बंद, कुणी दार वाजवलं तर आतून ओरडायचा, मी ठीक आहे. मी ठीक आहे असं दाराआडून ओरडणारी माणसं कधीच ठीक नसतात. मीच त्याच्या मागे लागून मॉरिसला त्याच्याकडे नेऊन दिला.

मॉरिस काळा आहे, छातीवर पांढरा ठिपका, आणि चेहरा सतत कुणीतरी त्याची छत्री नेल्यासारखा. शर्यतीत त्याचं नाव होतं ‘स्विफ्ट रिव्हेंज’. सूड कुणाचा ते कळलं नाही, कारण तो एकही शर्यत जिंकला नाही. एकदा तर पुढे होता म्हणतात, पण कठड्याशी कुणीतरी मटणाचं पॅटिस खात उभं होतं, तिथे हा थांबला आणि बाकीचे पुढे गेले. असा गुणी कुत्रा. फक्त एक अडचण निघाली: त्याला जिना माहीत नव्हता. जन्मापासून केनेलची कोठडी आणि मैदान, दोन्ही सपाट. पायऱ्या हा प्रकार त्यानं पाहिलाच नव्हता. आणि अँब्रोजचं घर कसलं? खाली दोन खोल्या, वर दोन, मध्ये शिडीला लाज वाटेल असा उभा जिना. अँब्रोज झोपायला वर गेला की मॉरिस खाली बसून रडायचा, आणि अँब्रोज वर बसून. (हे त्यानं मला सांगितलं नाही. शेजारच्या मिसेस पॉमफ्रेटनं भिंतीतून ऐकलं.)

तेव्हा मी जिना शिकवायला गेले. पद्धत सोपी आहे. प्रत्येक पायरीवर चीजचा तुकडा ठेवायचा, मागून आपण त्याचा एकेक पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवायचा, पुढून दुसऱ्यानं गोड बोलायचं. पुढे आमचे अध्यक्ष क्लेगसाहेब होते. ते टाय लावून आले होते, आणि गोड बोलणं त्यांना आयुष्यात जमलेलं नाही. ते मॉरिसला मंडळाचा अहवाल वाचून दाखवल्यासारखे ‘पुढील पायरी’, ‘पुढील पायरी’ म्हणत होते. माझी कंबर, मॉरिसचं मागलं धूड आणि मध्ये चीज, असं करत आम्ही वर पोहोचलो. टाळ्या वाजवल्या. चहा प्यायलो. घरी निघालो. आणि मग कळलं, वर जाणं आणि खाली येणं या त्याच्या हिशेबी दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि आम्ही एकच शिकवली होती.

तो वरच राहिला. चीजला बधला नाही, सॉसेजला बधला नाही. जिन्याच्या तोंडाशी येऊन खाली बघायचा आणि आम्ही विहीर दाखवतोय असा मागे सरायचा. मग अँब्रोज किटली घेऊन वर गेला. पाठोपाठ टोस्टर, रेडिओ, मेबलचा फोटो. तो दिवस तो आणि मॉरिस बाथरूमच्या दारात बसून टोस्ट खात होते आणि मला खिडकीतून सांगत होते, आमचं बरं चाललंय. शेवटी मी त्याला उचलला. उलट्या टेबलासारखा, चारी पाय ताठ. तिसऱ्या पायरीवर माझा पाय सटकला आणि उरलेला जिना मी बसल्या बसल्या उतरले, प्रत्येक पायरी मोजून, मांडीवर मॉरिस. तो शांत होता. अँब्रोज मात्र हसता हसता खाली बसला, आणि मेबल गेल्यापासून त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून मी त्या दोघांना माफ केलं. (कंबर अजून दुखते. क्लेगसाहेबांना माफ केलेलं नाही, ते वर उभं राहून ‘पुढील पायरी’ म्हणतच होते.)

मग अँब्रोजनं आपली खाटच खाली आणली आणि प्रश्न सुटला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दोघं फिरायला. मॉरिसला सवय अशी की मनात आलं की भर रस्त्यात थांबतो आणि पुतळ्यासारखा उभा राहतो, ओढला तरी हलत नाही. अँब्रोजचा खुबा झिजलेला, त्यालाही थांबायला निमित्त हवंच. दोघं खांबाला टेकून उभे. येणारा जाणारा थांबणारच, काय अँब्रोज, कसं काय. खाटीक हाड देतो, पोस्टातली बाई वाकून बोलते. वर्षभर ज्या माणसाचा आवाज गावानं ऐकला नव्हता, तो आता एवढा बोलतो की लोक मॉरिसला म्हणतात, बाबा, चल आता.

आता राग येण्याची जागा आली. अँब्रोजच्या खुब्याचं ऑपरेशन येत्या सोमवारी ठरलंय. मग दवाखाना, मग व्यायाम शिकवतात ते घर, मिळून दीड महिना तरी. मॉरिस कुठे राहणार? अँब्रोजची मुलगी लॉरेन लंडनकडे असते, वर्षातून एकदा येते आणि आली की फ्रिज आवरते. तिनं मला फोन करून सांगितलं, ‘हिल्डामावशी, कुत्रा काय, परत करायचा. बाबांना बरं वाटलं की दुसरा बघू.’ दुसरा! जणू पावाची लादी! आणि क्लेगसाहेबांनी मान डोलावली, कारण मंडळाचा नियमच असा आहे: मालक घरी नसेल तर कुत्रा केनेलला परत, आणि एकदा परत आला की तो जो मागेल त्याचा.

मी मंडळाची सभा बोलावली. चर्चच्या हॉलमध्ये, चहा आणि खोबऱ्याची बिस्किटं ठेवून. विचारलं, दीड महिना कोण सांभाळेल? एकीच्या घरी नवा गालिचा. एकाचा मोठा कुत्रा काळ्या कुत्र्यांशी बोलत नाही. एक बाई म्हणाल्या, मी ठेवला असता, पण मग मला त्याचा लळा लागेल. (ही सबब मी याआधी फक्त लग्न मोडताना ऐकली होती.) बिस्किटं मात्र सगळ्यांनी खाल्ली. मी उठले आणि सांगितलं, तुमच्या गालिच्यांवर कुणी मुतू नये एवढीच तुम्हाला काळजी, आणि मी रात्रंदिवस फोन धरून बसते, तो आता तुमचा तुम्ही धरा. टेबलावर फोन आपटला. राजीनामा दिला. तेवढ्यात फोन वाजला. कुणी हात पुढे करीना. शेवटी मीच उचलला. एका मुलीच्या कुत्र्याचं डोकं रेलिंगमध्ये अडकलं होतं, आणि कानांना लोणी लावून ते बाहेर येईपर्यंत माझा राजीनामा सगळे विसरले होते. मीसुद्धा.

माझ्याकडे ठेवायचाही प्रयत्न केला. मॉरिसनं आमची मांजर डचेस पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा शर्यत जिंकायच्या बेतात आला. डचेस त्या दिवसापासून कपाटावर आहे. तिचं जेवण मी शिडीवरून देते. मिसेस पॉमफ्रेटनं माणुसकी दाखवली, पण तिच्या घरी झोपायच्या खोल्या वर, आणि मॉरिस जिन्यापाशी उभा राहून गल्लीला ऐकू जाईल असा रडला.

आणि ऑपरेशनसाठी म्हणून आलेल्या लॉरेननं मंगळवारी कहर केला. अँब्रोज रक्त तपासायला दवाखान्यात गेला होता, तेवढ्यात ती मॉरिसला गाडीत घालून केनेलला सोडून आली. कुणाला न सांगता. तिथल्या मुलीनं मला फोन केला. मी गेले तेव्हा मॉरिस कोठडीच्या कोपऱ्यात, दाराकडे तोंड करून, मान खाली घालून, पाय घट्ट रोवून उभा होता. जेवण तसंच. शर्यतीच्या आधी त्यांना ज्या अरुंद खोक्यात कोंडतात, त्यात हे कुत्रे असेच उभे राहतात, झडप उघडायची वाट बघत. एनिड, त्याला वाटलं होतं, आपली सुट्टी संपली. आता पुन्हा पळायचं. मी ‘मॉरिस’ म्हटलं तर त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. ‘रिव्हेंज’ म्हटलं तेव्हा कान हलला. मी तिथेच जमिनीवर बसून रडले, आणि मग उठून लॉरेनला जे बोलले ते पत्रात लिहिता येणार नाही.

मॉरिसला मी घरी पोचवला. अँब्रोजनं दवाखान्याला फोन करून ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. यापूर्वीही त्यानं एकदा तारीख टाळली आहे. डॉक्टर म्हणतात, आता टाळलं तर पुन्हा नंबर कधी लागेल सांगता येत नाही, आणि तोवर तो चालत असेल की नाही तेही. मी त्याला पुष्कळ समजावलं. तो खाटेवर बसून मॉरिसच्या कानामागे खाजवत होता. म्हणाला, ‘अगं हिल्डा, त्याला एकदा त्या खोक्यात परत घातलं. पुन्हा नाही. माझा पाय गेला तर जाऊ दे.’

असो. कुणावर काय रागवायचं! लिहून जरा मोकळं वाटलं. किटली कधीची थंड झाली. तू जपून राहा, गोळ्या घे, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लाव.

तुझीच,
हिल्डा

ता. क. कुंपणाचं मी सहज विचारलं नव्हतं. काल रात्री डचेसला शिडीवरून दूध देताना माझ्या डोक्यात आलं की आपल्या अख्ख्या गोतावळ्यात बिनजिन्याचं घर एकच आहे. तुझा बंगला. सगळ्या खोल्या जमिनीला. मांजर नाही (शेजारच्या बाईंच्या मुलाला फोन करून खात्री केली, ते त्यांच्याकडेच आहे). कुंपण खांद्याएवढं (त्यालाच विचारलं). फक्त दीड महिना. आपल्या जेनच्या बारशाचा केक खाणारा तो कुत्रा हा नव्हे. तो वेगळा होता, आणि केक कोरडा होता.

आणखी ता. क. सूचना: ओट्यावर काही ठेवायचं नाही. झोपेत अचानक हात लावायचा नाही, आधी नाव घ्यायचं. पट्टा कधी, कुठेही, कितीही प्रेम वाटलं तरी सोडायचा नाही. थंडीत कोट घालायचा (निळा, पिशवीत आहे). आणि सकाळ-संध्याकाळ फिरायला न्यायचं. तो एकटा जाऊ शकत नाही, म्हणजे पट्ट्याचं दुसरं टोक धरून तुला दाराबाहेर पडावं लागेल. तुझा रॉलंड गेल्यापासून तू दूध-पावसुद्धा दारात मागवतेस हे मला माहीत आहे. पडदे दुपारीसुद्धा बंद असतात हेही (तोच शेजारणीचा मुलगा, आईच्या रिकाम्या घराकडे बघायला येतो तेव्हा त्याला दिसतं). मी फोन केला की उचलत नाहीस, उचललास तर म्हणतेस, मी ठीक आहे. मला लॉरेनचा राग आहे, क्लेगसाहेबांचा आहे, गालिचावाल्या बाईंचा आहे, पण सगळ्यात जास्त तुझा आहे. एक माणूस गेलं म्हणून मी दोन बहिणी घालवायच्या का? तू एकच आहेस, पण रागात मोजता येत नाही.

लिफाफा पुन्हा फोडून: अँब्रोजला मी सांगितलं की एनिड मॉरिसला ठेवायला तयार आहे. तू काय म्हणशील हे विचारायला वेळ नव्हता. त्यानं मॉरिसच्या कानामागे खाजवणं थांबवलं. मग म्हणाला, ‘एनिड ना? तिची रिबीन मी बाकाला बांधायचो. मास्तरांनी छडी काढून विचारलं, तरी तिनं माझं नाव सांगितलं नव्हतं. तिच्याकडे असेल तर मी जातो.’ आणि त्यानं दवाखान्याला फोन करून सोमवार पक्का केला. शनिवारी दुपारी क्लेगसाहेब मॉरिसला त्यांच्या गाडीतून तुझ्या दाराशी आणतील (टाय लावून). नको असेल तर मला फोन करून झाड, वाटेल तेवढी झाड. पण फोन तुला करावा लागेल. रॉलंडच्या अंत्यविधीनंतर तू स्वतःहून एकदाही केलेला नाहीस. मी दोन्ही फोन जवळ घेऊन बसले आहे.

एक राहिलंच. ओळख झाली की तो येतो आणि सगळं अंग तुझ्या पायावर टाकून रेलून उभा राहतो. ढकलतोय असं वाटेल. मागे सरू नकोस, पडेल तो. काही करायचं नसतं, नुसतं उभं राहायचं.